नाकेदार चिमटे यांची पकड

हैबतराव कोंडाजी चिमटे, वय बासष्ट, हे खिंडीचे नाकेदार होते. त्या राज्यात वय वर्षांनी नव्हे, तर पुऱ्या झालेल्या बांधकामांनी मोजीत. आणि बांधकाम एकाच वस्तूचे होई. ती वस्तू म्हणजे प्लॅस्टिकचा धागा. वरच्या अंगाला रिळोबाच्या पोटातून धागा निघे, खिंडीतून खाली सरके, तळाशी आवाबाईच्या धगधगत्या मुखात वितळे आणि मैदानावर थरावर थर अंथरला जाऊन त्यातून घरे, घाट, पूल उभे राहत. धागा थांबला की राज्य थांबे. हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच धाग्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

खिंड म्हणजे दोघांमधली फट. एका बाजूस दाते नावाचे पितळी दंतचक्र फिरून धाग्याला खाली ढकली. दुसऱ्या बाजूस हैबतराव, पाठीशी असलेल्या स्प्रिंगच्या जोरावर, धाग्याला दात्यांच्या दातांवर दाबून धरीत. राज्य म्हणजे वस्तू थराथराने छापणारे एक घरगुती यंत्र होते. नाना ठिकाणच्या मोडक्या यंत्रांतून गोळा झालेली मंडळी तेथे नांदत, आणि कोण कोठून आले हे विचारणे अशिष्ट मानले जाई. हैबतराव मात्र न विचारताच सांगत, "आमचे घराणे पोलादाचे." त्यांच्या अंगावरच्या चंदेरी झळाळीकडे पाहता ते खरेही वाटे.

मैदानावर पूल निम्म्यापर्यंत चढला होता, तेव्हा खिंडीत 'टक्' असा आवाज झाला. दाते जागच्या जागी घसरले, धागा तसूभर मागे उसळला आणि पुलाच्या थरात एक खिंडार पडले. पुन्हा 'टक्'. हैबतरावांच्या मनात पाल चुकचुकली. अर्धे बांधकाम थंड पडले की ते मैदानाला सोडते व कोसळते. आणि ज्याच्या चौकीवर धागा अडला, त्या अधिकाऱ्याची रवानगी भंगाराच्या डबीत होते, असा तेथील कायदा होता. अपराधी सापडलाच पाहिजे होता, आणि तो लवकर सापडला पाहिजे होता.

पहिला संशय रिळोबावर गेला. हा लठ्ठ गृहस्थ धागा पोटात दाबून ठेवीत असावा. वेटोळी उलगडून पाहण्यात आली.

"नाकेदारसाहेब, पोटात गाठ असेल तर खुशाल काढा," रिळोबा म्हणाला, "पण गुदगुल्या नकोत."

गाठ नव्हती. मग आवाबाईची पाळी आली. तिच्या घशात जुनी काजळी बसली असणार, असे नाकेदारांनी ठरवून टाकले. तिची आग उतरवून, मुखातला धागा अर्धवट गोठला असता तो एका हिसड्यात उपटण्यात आला. त्याच्या टोकावर तिच्या घशाचा साचा जसाच्या तसा उमटला होता. काळा कण एकही नव्हता.

"दिसली का चोरी?" आवाबाई कडाडली. "उपाशी ठेवायचे आणि वर विचारायचे, पचत कसे नाही! चांगला न्याय आहे, हैबतराव."

उरला धागा. त्याची जाडी मोजली. ती नेमाप्रमाणे होती. पाणी प्यालेला धागा तडतडतो, म्हणून त्याला ऊब देऊन सुकवले. तरी खिंडीतली टकटक थांबेना. त्या सबंध चौकशीत धागा एकदाच बोलला.

"साहेब, मी होतो तेवढाच आहे. तुम्हीच थोडे थोडे जास्त आवळता."

आरोपी आपण होऊन बोलू लागला, तेव्हा नक्कीच कोठेतरी पाणी मुरते आहे, असे हैबतरावांनी ताडले. त्यांनी स्प्रिंगचा स्क्रू आवळण्याची आज्ञा दिली. काही अंतर धागा निमूटपणे गेला. मग अधिकच अडखळू लागला. आज्ञा पुन्हा झाली. दात्यांचे दात धाग्यात खोल रुतले, त्याच्या अंगावर खाचा पडल्या आणि खाली जाण्याऐवजी तो जागच्या जागी किसला जाऊ लागला.

"साहेब, दातांत सगळा भुगा बसला आहे," दाते काकुळतीने म्हणाले. "चूळ भरल्याशिवाय आता घास उतरायचा नाही."

"तुम्ही त्याला सामील आहात."

"सामील? अहो, मी त्याला चावतो आहे!"

"ते दिसते आहे. पण मनापासून चावत नाही."

स्क्रू आणखी एक वेढा फिरला. या खेपेस आवाज निराळा आला, 'कट्'. आणि तो धाग्याचा नव्हता, दात्यांचाही नव्हता. हैबतरावांच्या पाठीत कित्येक दिवस एक बारीक कळ होती. तिला ते कामाचा शीण म्हणत आले होते. स्क्रू आवळला की ती कळ रुंदावे, कळ रुंदावली की पकड ढिली पडे, आणि पकड ढिली पडली की ते धाग्याची बदमाशी समजून पुन्हा स्क्रू आवळवीत. आता पाठीला आरपार चीर गेली होती. चंदेरी रंगाचा पोपडा उडाला आणि आतून एकावर एक रचलेले, केसासारखे बारीक थर दिसू लागले.

असे थर कोण घालते आणि कशाचे घालते, हे सांगायला त्या राज्यात पंडित नको होता.

"माझ्यासारखीच कोणी असेल, दुसऱ्या राज्यातली," आवाबाई हळू आवाजात म्हणाली. "तिचा हात चांगला होता हो."

"काका," धागा म्हणाला.

"काका कोणाला म्हणतोस?"

"मग काय म्हणू? पोलादमामा?"

रिळोबाला हसू आवरेना. पण मैदानाने खालून बजावले की त्याची ऊब आता फार वेळ टिकणार नाही, आणि पुलाचा एक कोपरा उचलला जात आहे. तेव्हा सर्वांचे भान जागेवर आले. मोडलेल्या नाकेदाराच्या जागी नवा हवा होता. पोलाद राज्यात कोठेच नव्हते. नवा घडवायचा तर तो धाग्याचाच घडणार. आणि तो धागा खिंडीतून खाली सोडायचा तर तेथे धरायला हैबतरावांवाचून दुसरे कोणी नव्हते. तारांची जुडी सांभाळणारे एक रबरी कडे पुढे आले. "माझ्यात जोर बेताचाच आहे," ते म्हणाले, "पण मी कोणाचे तुकडे होऊ देत नाही." त्याने हैबतरावांच्या पाठीला विळखा घातला. दात्यांनी दात साफ करून घेतले. पुलाच्या शेजारी, मैदानाच्या कोपऱ्यावर, पहिला थर पडला.

हैबतरावांना आता सगळे उमगल्यासारखे वाटले. हा कट होता. रिळोबाचे हसणे, दात्यांचे गाऱ्हाणे, त्या धाग्याचे 'काका', सारे आधीच ठरलेले होते. मोडक्या माणसाच्या हातूनच त्याचा वारस घडवून घ्यायचा आणि मग त्याला डबीत लोटायचे. एकदा, एकदाच जोराने आवळले की धागा तुटेल, वारस अर्धवट राहील. पूलही जाईल, पण दोष चिरेवर जाईल, त्यांच्यावर नाही. त्यांनी अंग आखडले.

'टक्.'

"साहेब," दाते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "अंमळ सैल."

आजवर हैबतरावांनी धाग्यावरच्या खुणा पाहिल्या होत्या. धागा कधी पाहिला नव्हता. रबराच्या ढिल्या विळख्यात तो आता त्यांच्या अंगाला नुसता टेकून होता. गुळगुळीत, किंचित कोमट. पळून जाण्याची कोणतीही खटपट त्याच्या अंगात जाणवत नव्हती. तो वाट पाहत होता. पलीकडे पुलाचा कोपरा आणखी उचलला गेला. हैबतरावांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यानेच धागा सरकू लागला.

तो अखंड सरकत राहिला. मैदानावर बिजागरीचे भोक आले, स्प्रिंगची बैठक आली, आणि मग कोपरातला तो बाक आला, जो आपल्याखेरीज कोणालाही नाही असे ते समजत होते. "धरलेत ना, काका?" धाग्याने विचारले. "धरले आहे," हैबतराव म्हणाले, "तू जा." शेवटचा थर बसला, तेव्हा धाग्याचे एक टोक खाली त्या नव्या, ऊनऊन खांद्यात मिळाले होते आणि त्याचा वरचा भाग अजून त्यांच्या पकडीत होता, मध्ये तो कोठेही तुटलेला नव्हता.

पूल पुरा झाला. खिंडीत आता तो नवा चिमटे आहे, आणि स्क्रू दोन वेढे सैल असतो. हैबतरावांना डबीत टाकण्याचा ठराव आला, पण त्याला अनुमोदन कोणी दिले नाही. मैदानाचा एक पाय आखूड होता, त्याखाली ते पाचर म्हणून बसतात, आणि मैदान डगमगत नाही.