तांडेलबाईंची गैरहजेरी

बारा वर्षं नोकरी झाली की शिक्षकाला वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, पण आधी प्रशिक्षण करावं लागतं. एकशिक्षकी शाळेच्या तांडेलबाई त्यासाठी तालुक्याला गेल्या. पहिल्याच दिवशी प्रशिक्षणप्रमुख दांडेकरसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली, "वर्ग वाऱ्यावर सोडतो तो शिक्षकच नव्हे." त्यानंतर बाई उगवल्या त्या थेट समारोपाला.

"हजेरी नाही, म्हणजे काही शिकला नाहीत," साहेब सर्वांदेखत म्हणाले. "वेतनश्रेणी विसरा."

बाई जागेवरून उठल्या. त्या म्हणाल्या, "तुमचा पहिला धडा मनावर घेतला, साहेब, म्हणून वर्गावर गेले. माझ्या शाळेत दुसरं कुणी नाही. इथे बसून राहिले असते, तर शिकले नाही असं झालं असतं."

साहेबांनी बाईंचं प्रमाणपत्र पुढे ओढलं. सहीसाठी पेन उचलता उचलता त्यांनी एक खडा टाकून पाहिला, "मग आज वर्गावर कोण आहे?"

"आज रविवार आहे, साहेब."