चुलीखालच्या चुली

फार पूर्वी, समुद्राचा नकाशा काढावा असं अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, तेव्हा किनाऱ्यावर कोळ्यांचं एक गाव होतं. माणसं मोठी मायाळू. घासातला घास काढून देतील, पण मासळी कुठे मिळाली ते काही सांगायची नाहीत! "कुठून आणलीस रे एवढी सुरमई?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "समुद्रातून." बाप आपली जागा मुलाला सांगे, तीही अगदी शेवटच्या दुखण्यात, कानात.

त्या गावात जोमा नावाचा म्हातारा कोळी होता. एकदा त्याचा मुलगा नागू होडी घेऊन गेला आणि जमिनीवरून सुटलेल्या वाऱ्यानं त्याला खोल समुद्रात ओढून नेलं. नऊ दिवस झाले, नागू आला नाही. गावानं आशा सोडली. "पलीकडे काय आहे? नुसतं पाणी. गेला बिचारा!"

नागूची बायको चांगुणा सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामंजी, तरुणपणी तुम्ही चार-पाच महिने बेपत्ता होता म्हणतात. कुठे होता?"

"समुद्रात," जोमा सवयीनं म्हणाला.

"समुद्रात कुठे?"

जोमानं पुन्हा जाळं विणायला घेतलं. ती जागा त्यानं चाळीस वर्षं जपली होती. मरताना फक्त नागूला सांगायची, असं ठरलेलं होतं.

चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ज्याला सांगायची तोच राहिला नाही, तर मग कुणाला सांगाल?"

म्हातारा उठला, तडक किनाऱ्यावर गेला आणि साऱ्या गावासमोर बोलला. "ऐका रे! या वाऱ्याशी झुंजायचं नाही, तो नेईल तिकडे जायचं. सहाव्या दिवशी एक बेट लागतं. भोवती मासळीच मासळी. बेटाच्याही पुढे एक किनारा आहे, तिथेही आपल्यासारखीच माणसं जाळी विणत बसतात. चार महिन्यांनी वारा फिरतो, तोच घरी आणून सोडतो. मी जाऊन आलोय."

आता सगळे हसणार, असं त्याला वाटलं. पण कुणी हसलंच नाही. एक म्हातारा खाकरला. "बेटावरचं गोडं पाणी उत्तरेच्या खडकात आहे."

"अरे, तुला कसं ठाऊक?" जोमानं विचारलं.

"मीपण गेलो होतो," तो मान खाली घालून म्हणाला.

मग एक विधवा आजी पुढे आली. "माझा धनी मरताना पुटपुटत होता, बेटावर दक्षिणेकडून शिरायचं, बाकी सगळीकडे खडक आहेत. मला मेलीला वाटलं, तापात बरळतोय!"

दुसऱ्या दिवशी तीन होड्या निघाल्या, पहिलीत जोमा. सहाव्या दिवशी खरोखरच बेट दिसलं. दक्षिणेकडून आत शिरले तर समोर नागू! सुकून काटकी झालेला, तुटलेली डोलकाठी बांधत बसलेला.

"बाबा! तुम्ही? अहो, पुढे काहीच नाही म्हणून मी उद्या वल्हवत घरी निघणार होतो."

जोमानं त्याला छातीशी धरलं. असल्या वाऱ्याविरुद्ध वल्हवून आजवर कोण जगलंय?

"बाबा, एक गंमत दाखवतो," नागू म्हणाला. "चुलीसाठी जागा उकरली, तर खाली आधीच एक चूल!"

जोमानं दगड ओळखला. चूल त्याचीच होती. सगळ्यांनी मिळून आणखी उकरलं. तिच्याखाली राख, माशांचे काटे आणि पुन्हा तीन दगड. त्याखाली आणखी एक चूल. हात कोपरापर्यंत खाली गेला तरी चुली संपेनात. कुणाच्या होत्या त्या? कोण जाणे! सगळे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्या राखेला हात जोडले.

जोमा हळूच म्हणाला, "केवढी माणसं येऊन गेली रे! आणि घरी जाऊन काय म्हणाली असतील?"

"समुद्रात होतो," नागू म्हणाला. सगळे हसले आणि हसता हसता रडलेही.

चार महिन्यांनी वारा फिरला. होड्या घरी लागल्या. चांगुणा कमरेएवढ्या पाण्यात धावत आली. "अहो, होतात कुठे इतके दिवस?"

"समु..." नागूनं तोंड उघडलं, तोच जोमानं त्याचा कान पिळला. "नीट सांग! अगदी पहिल्या दिवसापासून सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

तात्पर्य: आपल्याला सापडलेली वाट मनात दडवून ठेवली तर ती आपल्याबरोबरच राख होते, चारचौघांत सांगितली तर कुणाला तरी घरी परत आणते.