तीन तास चाललेली डिस्क

“म्हणजे चाचा, तुम्हाला रिपोर्टसुद्धा खोटा वाटतो?”

शार्दूलनं मोबाइल पुढं धरला. ऑनलाइन घेतलेली जुनी हार्डडिस्क. प्रकृती उत्तम, आजवर चालली फक्त तीन तास. विकणाऱ्याला पाच स्टार.

दस्तगीरचाचांनी मोबाइलकडं बघितलंच नाही. रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य मिरजेच्या ह्याच दुकानात गेलं. शार्दूल त्यांच्याच हाताखाली शिकला. आता पुण्याच्या कंपनीत मोठा साहेब. तसं तो स्वतःच दोनदा म्हणाला. मी एक गिऱ्हाईक, बिघडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. मला कोण विचारतो!

पण बिचारा अडचणीत होता. त्याच्या जुन्या लॅपटॉपची डिस्क टकटक करायला लागली होती. तिच्यात त्याच्या आईचा आवाज होता, आणि दुसरीकडं कुठंही नव्हता. आई जाऊन चार वर्षं झालेली. असली मरायला टेकलेली डिस्क एकदा वाचून देते. दुसऱ्यांदा देईलच असं नाही. म्हणून तो आवाज उतरवून घ्यायला त्यानं ही ऑनलाइनची डिस्क आणली होती.

शार्दूलनं विकत आणलेली डिस्क चाचांनी उलटी केली.

“कधी बनवलेली?”

“आठ वर्षांपूर्वीची.”

“आणि चालली तीन तास?”

“खोक्यात पडून असेल.”

“स्क्रूची भोकं बघ.”

चारही भोकांच्या कडा घासून पांढऱ्या पडल्या होत्या.

“पडून पडून एवढी झिजली होय रं?”

मला हसू आलं. शार्दूलला नाही आलं.

“तासांचा आकडा पुसता येतो, हे मीच शिकवलं होतं तुला.”

“फोटोत इतकी स्वच्छ होती, चाचा…”

“हं.”

चाचांनी डिस्कला वीज जोडली आणि ती त्याच्या हातात दिली.

“काय म्हणते?”

“काही नाही.”

“डोळे मीट.”

त्यानं डोळे मिटले. मग त्याच्या भुवया आखडल्या.

“अडखळते, चाचा. मधेच.”

चाचांनी वायर काढली. खणातून एक दुसरी डिस्क काढून समोर ठेवली. तिच्यावर चिकटपट्टी होती आणि चाचांचं वेडंवाकडं अक्षर: ‘सत्तावीस हजार तास. एकदा टेबलावरून पडली. दोनदा तपासली. चालते.’

शार्दूल चिडलाच.

“हिच्यावर मी आई ठेवू?”

“तुझी आई. तू ठरव.”

“पडलेली आहे हो ही!”

“सांगितलंय तिनं.”

…

शार्दूल दोन्ही डिस्कांकडं आळीपाळीनं बघत राहिला. एक चकचकीत, एक चिकटपट्टीवाली. साहेबपणा कुठल्या कुठं गेला होता. शेवटी त्यानं चिकटपट्टीवाली उचलली.

पाऊण तास लागला. लॅपटॉपची जुनी डिस्क टकटकत होती, आणि प्रत्येक टकटकीला पोराचा जीव वरखाली होत होता. खोटं कशाला सांगू, माझाही. सगळं उतरलं. पाचच मिनिटांनी जुनी डिस्क कायमची गप्प झाली.

“दोन्हीकडं फाइलचा आकार जुळला,” शार्दूल म्हणाला. “झालं काम.”

“लाव.”

“राहू दे, चाचा. चार वर्षांत एकदाही लावलं नाही मी… जमत नाही.”

“मग वाचवलंस कशाला?”

त्यानं लावलं.

आधी भांड्यांचा आवाज. मग एक बाई, जवळून, रागावल्यासारखी, पण हसत: “शार्दुल्या, बंद कर ते मेलं रेकॉर्डिंग. भाकरी गार व्हायला लागली. आधी जेव बघू.”

एवढंच होतं.

शार्दूल टेबलावर डोकं टेकून रडला. चाचा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला प्रिंटरची नळी उगाचच फार बारकाईनं बघावी लागली.

“चाचा,” तो म्हणाला, “एक दिवस हीपण बंद पडेल.”

“पडेल. उद्या आणखी एकीवर उतरवू.”

“ती पण पडेल.”

“ती पण.”

“मग मी करायचं काय?”

चाचांनी आपला डबा उघडला. भाकरी मोडली, तिच्यावर वांग्याची भाजी घातली आणि ती त्याच्या हातात दिली.

“आई सांगते तेवढं कर.”