वरची फळी

"कानस घसरते याच्यावर, उस्ताद. अजून काय बघायचं राहिलं?"

दिगंबर पांचाळने आकडा पुढे धरला. विहीर खोदणाऱ्या यारीचा आकडा. दोराच्या टोकाला हा असतो, याला टोपलं लटकतं आणि टोपल्यात माणूस बसून खाली जातो.

लतीफ उस्तादांनी तो हातात घेतला नाही. भात्याशी बसल्या बसल्या नुसता पाहिला.

"पाणी कधी दिलंस याला?"

"काल दुपारी. लालबुंद तापवून थेट पाण्यात. ट्रकच्या कमान-पाट्याचं पोलाद आहे, साधं लोखंड नाही."

"आणि पाण्यानंतर?"

"पाण्यानंतर काय... तयार झाला."

"पुन्हा विस्तवाशी नेला नाहीस."

"मुद्दामच नाही नेला."

उस्ताद गप्प राहिले. दिगंबरला गप्प माणसापुढे बोलल्याशिवाय राहवत नसे.

"पुन्हा ऊब दिली की कडकपणा उतरतो, उस्ताद. मी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंय. तापलेलं पोलाद एकदम पाण्यात गेलं की आतले कण सुयांसारखे होतात. दाटीवाटीने अडकलेल्या सुया. म्हणून तर कानस चालत नाही. एवढी मेहनत करून मिळवलेलं कशाला घालवायचं?"

दिगंबरकडे धातुशास्त्राचा डिप्लोमा होता आणि वर या भट्टीवरची सहा वर्षं होती. दोन्ही एकाच माणसाकडे असली की आपलं चुकू शकतं हे मनात येत नाही, तसंच त्याचं झालं होतं. हा आकडा उस्तादांना पसंत पडला की त्याला घडवलेल्या मालावर मारायला स्वतःच्या नावाचा ठसा मिळणार होता. नव्या बसस्टँडमागे त्याने भट्टीसाठी जागासुद्धा पाहून ठेवली होती.

"सुया पाहिल्यास," उस्ताद म्हणाले. "त्या कुणाला टोचतात, ते पाहिलंस?"

दिगंबर हसला. म्हाताऱ्या माणसांना शेवटचा शब्द आपला लागतो, असं त्याला वाटलं.

दारातून केरबा मुकादमाने आत डोकं घातलं. दर्ग्यापलीकडच्या माळावर त्याची माणसं विहीर खोदत होती.

"उस्ताद, उन्हं डोक्यावर आली. सकाळपासनं माणसं काठावर बसून हायती. सत्तर फूट गेलोय, खाली ओल लागलीया. आकडा द्या, म्हंजी चाललो."

"आकडा दिगंबरचा आहे. त्याला विचार."

"मग आदी हेच उतरणार?"

"मीच," दिगंबर म्हणाला. "रीत माहीत आहे मला."

त्या भट्टीची रीत तशी होती. आकडा ज्याने घडवला, त्याने पहिल्यांदा स्वतः टोपल्यात बसून तळापर्यंत जायचं. वर आला, की मग बाकीचे उतरायचे. सहा वर्षांत जितके आकडे गेले ते सगळे उस्तादांनी घडवलेले, आणि सत्तरीतले उस्ताद दर वेळी टोपल्यात बसले होते. दिगंबरचा हा पहिलाच.

आणि जे वर आले नाहीत, ते समोर भिंतीवर होते.

भट्टीच्या भिंतीला दोन फळ्या होत्या. खालच्या फळीवर कापडाच्या सात पुरचुंड्या, एकीला एक चिकटून. प्रत्येकीत मोडलेल्या आकड्याचा तुकडा आणि वर काळ्या शाईने तो घडवणाऱ्याचं नाव. तीन पिढ्यांतले सात कारागीर. दर शुक्रवारी दिगंबरच त्यांची धूळ झटकायचा. वरची फळी उंच होती. तिथे एकच पुरचुंडी होती आणि तिला कुणी हात लावत नसे.

"माझा आकडा, माझा जीव," दिगंबर म्हणाला. "मी उतरायला तयार आहे, उस्ताद. तुम्ही फक्त हो म्हणा."

उस्तादांनी भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे पाहिलं.

"उतर... फक्त दुपारची अजान होईपर्यंत थांब."

"तोवर काय करू?"

"काही नाही. त्या खिळ्याला अडकव आणि इथे बस."

"वजन लावू?"

"नको."

"रिकामा आकडा टांगून काय कळणार?"

"रिकामा नाही तो," उस्ताद म्हणाले.

दिगंबरने आकडा खिळ्याला अडकवला आणि राखेच्या ढिगाशेजारी पाटावर बसला. केरबा उंबऱ्यावर टेकला. भट्टी विझलेली होती. बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं.

दारात एक कुत्रं सावलीला झोपलं होतं. ते उठलं, आत पाहिलं आणि भर उन्हात निघून गेलं.

...टिक.

दिगंबरने वर पाहिलं.

"पत्रा तापला," तो म्हणाला.

उस्तादांनी मान हलवली नाही.

"पत्राच आहे," दिगंबर पुन्हा म्हणाला. यावेळी जरा हळू.

...टिक.

आवाज पत्र्याचा नव्हता. फळीचाही नव्हता, जरी दिगंबरची नजर आधी फळीकडेच गेली. केरबाने डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. हात लावू नये असं काहीतरी त्या खोलीत त्यांच्याबरोबर बसलं आहे, असं त्याला वाटू लागलं. आणि ते त्यानेच काल दुपारी तिथे आणलं होतं.

"उस्ताद... ते..."

उस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं.

मग एकच आवाज आला. बांगडी फुटावी तेवढाच.

आकड्याचा खालचा वाक सुटला आणि राखेत पडला. वरचा अर्धा भाग खिळ्यावर डुलत राहिला. त्याला कुणी शिवलं नव्हतं. त्याच्यावर चिमणीचंसुद्धा वजन नव्हतं.

"आरं देवा," केरबा म्हणाला.

दिगंबर उठला. राखेत हात घालून त्याने तो तुकडा काढला. तुकडा थंडगार होता. मोडलेल्या जागी करडे, चकचकीत दाणे दिसत होते, खडीसाखर फोडल्यासारखे. पण एका कडेला नखाएवढा भाग चकचकीत नव्हता. तो गंजून तांबूस झाला होता.

दिगंबरने अंगठ्याने पुसून पाहिलं. गंज जाईना.

"इथे पाणी शिरलंय..." तो म्हणाला. "म्हणजे हा आत्ता नाही मोडला."

"नाही," उस्ताद म्हणाले.

"कालच चिरला. पाण्यात असतानाच. मी कानस लावली, तेव्हा त्याच सुया याला आतून फाडत होत्या."

काल संध्याकाळी त्याने हाच आकडा पिशवीत घालून घरी नेला होता आणि सकाळी सायकलला अडकवून परत आणला होता. वाटेत तो शीळ घालत होता. तो घाबरला, साधा लहान मुलासारखा घाबरला, आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

दर्ग्याकडून अजान ऐकू आली. आत्ता तो टोपल्यात असता. विहिरीच्या मध्यावर, पस्तीस फुटांवर.

"मुकादम," उस्ताद म्हणाले, "आज माणसांना घरी पाठव. उद्या ये."

केरबा काही न विचारता उठला. जाताना त्याने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

उस्तादांनी जुन्या धोतराचं फडकं फाडलं. राखेतला तुकडा त्यात गुंडाळला, गाठ मारली आणि पुरचुंडी दिगंबरपुढे ठेवली. शेजारी शाईची बाटली आणि काडी ठेवली.

"नाव लिही."

"कुणाचं? कुणी मेलं नाही, उस्ताद."

"ज्याने घडवला त्याचं."

दिगंबरने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. पुरचुंडी घेऊन तो खालच्या फळीपाशी गेला आणि त्या सात नावांच्या कडेला जागा शोधू लागला.

"तिथे नको."

दिगंबर वळला. उस्तादांनी हनुवटीने वर खूण केली.

तो ऐरणीच्या ठोकळ्यावर चढला. वरच्या फळीवर ती एकटी पुरचुंडी होती. कापड पिवळं पडलं होतं, वर बोटभर धूळ होती. त्याने फुंकर मारली. शाई फिकट झाली होती, पण नाव वाचता येत होतं.

लतीफ.

दिगंबरने मागे वळून पाहिलं. उस्तादांनी भट्टीत कोळसे सारले होते आणि भात्याला हात घातला होता.

"ठेव," ते म्हणाले. "तिथे जागा पुष्कळ आहे."