मागच्या सीटवरचा साक्षीदार

मयत विष्णुपंतांची जुनी गाडी हेमलताबाईंना विकताना आबासाहेब रणदिवे छातीठोकपणे म्हणाले होते, "टायमिंग बेल्ट पंतांनी माझ्यासमोर नवा टाकलाय."

दुसऱ्याच दिवशी आबासाहेबांना गावी सोडायला निघालेली ती गाडी स्मशानाच्या वळणावर, ऐन धुक्यात, एकाएकी बंद पडली. बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच हलकं हलकं गरगरलं, चालू काही होईना. मग त्यांनी आबासाहेबांना किल्ली फिरवायला बसवलं आणि बॉनेट उघडून ऑइलचं झाकण काढलं. खाली इंजिन फिरत होतं, पण झाकणाखालचा दांडा जागचा हलत नव्हता.

"हा दांडा फिरवणारा टायमिंग बेल्टच तुटलाय," बाई म्हणाल्या.

"छे! पंतांना इथंच अग्नी दिला होता," आबासाहेब कुजबुजले. "तेच मागे बसून गाडी अडवतायत. गाडीत खोट नाही."

धुकं काचांना चिकटलं होतं. बाईंनी शांतपणे मागचं दार उघडलं.

"बरं झालं, पंत आहेतच. आता त्यांच्याकडे बघून एकदा म्हणा, बेल्ट त्यांनी नवा टाकला होता."

आबासाहेब मागे वळले. रिकामी सीट कोणी बसल्यासारखी दबलेली होती.

"जुनाच होता, पंत," ते हात जोडून म्हणाले.