न छाटलेली वेल

एका राज्यात, जिथं डोंगर उतरून नदीला भेटतो तिथं, एक लहानसा द्राक्षमळा होता. मळा लहान, पण नाव मोठं. चंद्रकेतू राजाच्या मेजवानीत दुसऱ्या कुणाचं द्राक्षासव चालत नसे. मळ्याचा धनी सोमदत्त आणि त्याची बायको इरावती. वेली राखणं आणि रस आंबवणं हे त्याचं काम. कोणत्या आसवासोबत कोणतं पक्वान्न वाढायचं, हे ती ठरवी. चंद्रमणी द्राक्षाचं फिकं, आंबूस आसव नदीच्या माशाबरोबर. रक्ताक्षी द्राक्षाचं तांबडं, तुरट आसव काळ्या मसाल्यातल्या मटणाबरोबर. राजाचा आचारीसुद्धा तिला विचारल्यावाचून चूल पेटवीत नसे.

अशा त्या मळ्यात एके दिवशी कंकाळ नावाचा मायावी आला. मरण टाळण्यासाठी त्यानं आपल्या जिभेची चव यमाला देऊन टाकली होती, आणि तेव्हापासून तो पस्तावत हिंडत होता. दूध काय, मध काय, त्याला सगळं राखेसारखं लागे. इरावतीनं पुढे ठेवलेला पेला त्यानं एका दमात रिकामा केला.

"बाई, तू मला पाणी पाजलंस," तो म्हणाला.

"महाराज, दोष पेल्यात नाही," इरावती म्हणाली.

खरं बोलली, आणि तेच तिला महागात पडलं. कंकाळानं कमंडलूतलं पाणी तिच्यावर शिंपडलं आणि ती उभ्या जागी द्राक्षाची वेल झाली.

सोमदत्तानं त्याचे पाय धरले. तेवढ्यात मायाव्याचा राग ओसरलाही होता. अशा लोकांचा राग ओसरतो लवकर, पण ज्याचं व्हायचं त्याचं होऊन बसलेलं असतं.

"दिलेला शाप मला मागे घेता येत नाही," कंकाळ म्हणाला. "पण दर वैशाखी पुनवेला मी राजाच्या पंगतीला येईन. माझ्या तीन चवी मला परत दे. आंबट, तुरट आणि गोड. गोड मात्र या वेलीच्याच आसवातून यायला हवी. त्या घोटाला शाप सुटेल."

पहिल्या पुनवेला सोमदत्तानं चंद्रमणीचा नुसता पेला नेला. कंकाळानं तोंड पुसलं आणि निघून गेला. तेव्हा सोमदत्ताला कळलं, की मळ्याचं नाव त्याच्या एकट्याच्या हातानं झालेलंच नव्हतं. मग तो चुलीपाशी बसून इरावतीचा हात आठवू लागला. ती माशाला लिंबू आधी लावायची की नंतर? कोथिंबीर वाटून घालायची की चिरून? इतकी वर्षं तिच्या पुढ्यात बसून जेवला, पण पाहिलं म्हणून काही नव्हतं. मासे करपवत, टाकत, पुन्हा करत एकदाचा मेळ जमला. त्या पुनवेला कंकाळानं माशाचा घास घेतला, वर आसवाचा घोट घेतला आणि त्याचे दात आंबले. तो लहान मुलासारखा हसला. पुढे दोन पुनवा फुकट गेल्या आणि तिसऱ्या खेपेला मटणाबरोबर रक्ताक्षीचा तुरटपणाही त्याच्या जिभेवर उतरला.

"आता एकच उरली," कंकाळ म्हणाला. "मी थकलो आहे, द्राक्षकारा. पुढल्या पुनवेला गोड चव मिळाली तर ठीक. नाही तर मी हिमपर्वतात जाऊन बसेन, तो परत यायचा नाही."

सोमदत्त घरी आला आणि वेलीखाली बसला. कारण त्या वेलीला आजवर एक घड लागला नव्हता.

का लागला नव्हता, हे कुठल्याही द्राक्षवाल्याला दुरून दिसलं असतं. वैशाखात वेल खोडापर्यंत छाटावी लागते, ती खरड छाटणी. आश्विनात पुन्हा काड्या छाटाव्या लागतात, ती गोडी छाटणी. त्यावाचून वेल नुसती पाल्यावर जाते. सोमदत्त मळ्यातल्या बाकी वेली बिनदिक्कत छाटायचा. या एका वेलीपाशी आला की त्याचा हात थांबायचा. बायकोवर कात्री कशी चालवायची? वेल मांडवावरून छपरावर गेली, छपरावरून खिडक्यांवर उतरली, घरात भरदिवसा अंधार झाला. सोमदत्त त्या हिरव्या अंधारात जेवायचा, तिच्याशी बोलायचा. श्रावणात एखादा कोवळा तणावा त्याच्या बोटाला वेटोळं घाली, तेव्हा तो हात न हलवता तासन्‌तास बसून राही. त्याला ती हवी होती, आणि जेवढी मिळत होती तेवढीही गमवायची त्याची तयारी नव्हती.

मांडवात एक साळुंकी राहत असे. तिला माणसांची भाषा येई आणि झाडांचीही.

"सोमदत्ता, वेल छाट," साळुंकी म्हणाली. "ती रोज तेच सांगते आहे."

"तुला द्राक्षं खायची आहेत, म्हणून तू खोटं बोलतेस."

"द्राक्षं मला हवीतच. तेवढ्यानं मी खोटी कशी झाले?"

सोमदत्तानं खोडाला कान लावला. पाला सळसळत होता, बाकी काही नाही. राजानं निरोप धाडला, "तुझ्यानं होत नसेल तर राजमाळी पाठवतो." ते ऐकून मात्र तो ताडकन उठला. परक्याचा हात तिला लागणार, हे त्याला स्वतः कात्री चालवण्यापेक्षाही असह्य वाटलं.

त्यानं कात्री घेतली आणि वेल छाटली. छाटल्या जागेतून पाण्याचे थेंब टपकू लागले. नव्या गड्यांना तो नेहमी सांगे, वेल रडत नसते रे, रस आहे तो. त्या दिवशी ते त्याचं त्यालाच पटेना. घरात लख्ख ऊन आलं आणि सोमदत्त त्या उजेडात तोंड झाकून बसला.

आश्विनात त्यानं दुसऱ्यांदा कात्री चालवली. फाल्गुनात घड लागले, मधाच्या रंगाचे. साळुंकीनं आपला वाटा घेतला. उरलेल्यांचं आसव एका सुरईपुरतं झालं, इतकं गोड की त्याबरोबर काय वाढावं हे सुचेना. इरावतीनं याचा नेम घालून दिलेला नव्हता. या खेपेला त्याला स्वतःच ठरवायचं होतं.

पुनवेच्या दुपारी पंगत बसली. सोमदत्तानं कंकाळापुढे त्या आसवाचा पेला आणि त्याबरोबर बाजरीची भाकरी नि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. राजाचा चेहरा उतरला.

"हे काय वाढलंस?" चंद्रकेतूनं विचारलं.

"महाराज, तिखट ही चव नव्हे, आग आहे. मेलेल्या जिभेलाही ती लागते."

कंकाळानं घास घेतला. त्याचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्यानं हाताला लागला तो पेला तोंडाला लावला. मग त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

"गोड आहे," तो हळूच म्हणाला.

त्याचे केस भराभर पांढरे झाले. चव परत आली, तसं यमानं दिलेलं अमरत्व परत नेलं होतं. कंकाळ काठी मागून घेऊन, पेल्यातला शेवटचा थेंब चाटत, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं राज्याबाहेर गेला. त्याला कुणी रडताना पाहिलं नाही.

सोमदत्त मळ्याकडे धावत सुटला. वेलीच्या जागी इरावती बसली होती. केस कानापर्यंत कापलेले, दंडांवर छाटणीचे व्रण.

"फार दुखलं का गं?" त्यानं विचारलं.

"दुखलं," इरावती म्हणाली. "पण सुटका त्यातच होती. अहो, मी दुसरी कुठली वेल असते, तर तुम्ही मला पहिल्याच वैशाखात छाटलं असतंत."

 सोमदत्त तिच्याशेजारी मातीत बसला आणि रडला. तिनं त्याला रडू दिलं, आणि त्याचा हात हाती धरून ठेवला.

पुढे राजाच्या पंगती पुन्हा तिच्या विचारानं मांडल्या जाऊ लागल्या, मळा बहरला, राज्य सुखात नांदलं. गेलेली वर्षं मात्र कुणालाच परत आणता आली नाहीत. ती दोघं उरलेल्या वर्षांत राहिली.