बहुधाशास्त्री आणि तांबडे पाणी

फार फार पूर्वी एकदा, एका राज्यात, एका तळ्याच्या बांधावर ही गोष्ट घडली. निदान बांधावर घडली, एवढे तरी खरे. ते राज्य डोंगराच्या अलीकडचे की पलीकडचे, त्या सकाळी वारा होता की नव्हता, हे शास्त्रीबुवांना पुढे पार थकल्यावर सांगता येत नसे. एकदा ते वारा होता म्हणत, एकदा नव्हता म्हणत, आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहत, जणू तोच तिथे हजर होता. तेव्हा ऐकणाऱ्या लहानथोरांनी वाऱ्याचा आग्रह धरू नये. बाकीचे ऐकावे.

शास्त्रीबुवा त्या राज्याच्या राजाचे गुरू होते. त्यांनी वाचले नव्हते असे काही उरले नव्हते, आणि त्यामुळेच खात्रीने बोलावे असेही काही उरले नव्हते. कोणतीही गोष्ट घ्या, तिच्याबद्दल एक पोथी एक सांगे आणि दुसरी पोथी दुसरे. कोणी विचारले, "बुवा, उद्या ऊन पडेल का?" तर ते म्हणत, "बहुधा." कोणी विचारले, "बुवा, जेवण झालं का?" तर तिथेही आधी क्षणभर थांबत. लोक त्यांना पाठीमागे बहुधाशास्त्री म्हणत. पुढे पुढे समोरही म्हणू लागले.

राजा मात्र लहानपणापासून एका जागी न ठरणारा. पाटावर बसला की उठायचा, घोड्यावर बसला की उतरायचा. तो कुमार होता तेव्हा शास्त्रीबुवांनीच सुचवले होते, "गळ टाकून पाण्याकाठी बसवा याला. मन स्थिर होईल, बहुधा."

झाले उलटेच. गळाला मासा लागण्याआधी कुमाराला गळाचा नाद लागला. आता तो राजा झाला होता आणि त्याच्यामागून आमिषांची पेटी उचलायलाच दोन गडी लागत. तिच्यात चकाकणारे चांदीचे पत्रे होते, मोरपिसाच्या देठाची तरंगती बोंडे होती, आणि लाकडाचे कोरलेले बेडूक होते. हिरवे, पिवळे, काळे, पोटाला चामड्याच्या झिरमिळ्या आणि पाठीवर दोन गळ. वेळूची काठी, तिच्या मुठीशी लाकडी फिरकी, फिरकीवर रेशमी दोर. साहित्यात काही कमी नव्हते.

कमी होते ते थांबणे. लाकडी बेडूक पाण्यावर पडला की त्याच्याभोवतीची वलये विरेपर्यंत हात हलवायचा नसतो. मग एक बारीक हिसका द्यायचा, पुन्हा थांबायचे. माशाने बेडूक तोंडात घेतला तरी लगेच ओढायचे नाही. त्याने तो घेऊन खाली वळावे, दोर ताणला जावा, मग झटका द्यावा. राजाला हे सगळे पाठ होते. पण पाणी जरा हलले की त्याचा हात आधी उडे, आणि बेडूक माशाच्या तोंडातून निसटून राजाच्या मुकुटावर येऊन आपटे.

"जागा बदला!" राजा ओरडे. मग पेटी, छत्री, गडी, सेनापती, सगळा लवाजमा बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाई. तिथे घोटभर पाणी पिऊन होते न होते तोच पुन्हा, "हा बेडूक नको, पिवळा द्या! जागा बदला!"

त्या तळ्यात एक जुना मरळ मासा होता. काळपट पाठ, सापासारखे डोके, माणसाच्या मांडीएवढा जाड. कमळाच्या पानांखाली तो दबा धरून राही. राजाने तो दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा मासा बेडूक थुंकून निघून गेला होता. तेव्हापासून राजाला दुसरे काही सुचत नव्हते. दरबार भरेना, न्याय होईना. शेवटी एके दिवशी राजाने काठी गुडघ्यावर आपटून फर्मावले, "मृग लागायच्या आत तो मासा माझ्या हातात आला पाहिजे. नाहीतर बांध फोडा. चिखलातून उचलून आणतो त्याला!"

बांध फोडायचा म्हणजे काय, हे राजाच्या ध्यानात आले नाही. खालच्या गावाच्या ध्यानात आले. त्या एका तळ्यावर गावाचे पिणे होते, गुरे होती, भाजीचे वाफे होते. पाऊस झालाच नाही तर पुढचे वर्ष काय प्यायचे?

मृग जवळ आला. कुदळी घेऊन राजाची माणसे बांधावर येऊन बसली. शास्त्रीबुवांची झोप गेली. भल्या पहाटे उठून ते बांधावर येरझारा घालू लागले, उपरण्याच्या टोकाचा एकेक दोरा ओढत. टोक निम्मे उसवले होते.

त्या सकाळी एक बाई म्हशींना पाण्यावर घेऊन आली होती. तिने बुवांना जाताना पाहिले, येताना पाहिले, पुन्हा जाताना पाहिले.

"अहो बहुधाशास्त्री," ती म्हणाली, "जरा उभे राहा की. माझ्या म्हशीला चक्कर यायला लागली तुमच्याकडे बघून."

बुवा उभे राहिले.

"एक विचारू? बांध फुटला तर आम्ही तहानेनं मरू ते बहुधा, की नक्की?"

बुवांनी उपरण्याचा आणखी एक दोरा ओढला.

"राजाला हे खूळ तुम्हीच लावून दिलंत म्हणतात."

"मन स्थिर होईल असं वाटलं होतं, बाई."

"झालं की! एका माशावर झालं," ती म्हणाली, आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून निघून गेली.

बुवा तिथेच उभे राहिले आणि त्यामुळे त्यांना ते दिसले. चालत असते तर दिसले नसते. कमळाच्या दोन पानांमधले पाणी तांबडे झाले होते. सुपाएवढा तांबूस डाग, आणि तो उकळत होता. वर ढग नसताना बारीक पाऊस पडावा तसे त्यावर थेंबथेंब उठत होते. डाग हळूच सरकला. त्याच्याखालून काहीतरी मोठे, काळे, त्याच्याबरोबर सरकले.

बुवांनी हे वाचले होते. ती पिल्ले होती. मरळाची पिल्ले तांबडी असतात, घोळक्याने राहतात, श्वास घ्यायला सारखी वर येतात, आणि आईबापांपैकी कोणीतरी खाली पहाऱ्याला असते. त्या घोळक्यावर काहीही पडले, पान पडले, काटकी पडली, तरी पहारेकरी त्यावर तुटून पडतो. असे एका पोथीत होते. दुसऱ्या पोथीत लिहिले होते की मरळ स्वतःची पिल्ले स्वतःच खातो आणि घोळक्याखाली त्यासाठीच फिरतो.

बुवा पुन्हा चालू लागले. राजाला सांगावे, तर मासा हाती लागेल आणि बांध वाचेल. पण पहिली पोथी खरी असेल तर पिल्लांचे काय? न सांगावे, तर परवा बांधच फुटणार, आणि मग मासाही नाही, पिल्लेही नाहीत, गावही नाही. हा हिशोब सरळ होता. तरी तो त्यांनी बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनेकदा केला.

लवाजमा आला तेव्हा ते पुढे झाले. "महाराज, त्या तांबड्या पाण्यावर बेडूक टाकून बघा."

"तिथे आहे तो?"

"बहुधा."

"बुवा, हा शब्द मी एक दिवस राज्यातून हद्दपार करणार आहे!" राजा म्हणाला, पण म्हणता म्हणताच त्याने काठी मागे नेली आणि बेडूक फेकला.

काळा बेडूक तांबड्या डागाच्या मधोमध पडला. वलये विरणे तर सोडाच, ती उठलीसुद्धा नाहीत. पाणी फुटले. मरळ अर्धा बाहेर आला आणि बेडकावर जबडा असा मिटला की त्याचा आवाज बांधावर ऐकू आला. राजाचा हात सवयीप्रमाणे फार लवकर उडाला. पण या खेपेला माशालाही घाई होती. त्याने बेडूक चाखला नाही, तपासला नाही. दात रोवले आणि सोडला नाही. दोघांची घाई एकमेकांत अडकली.

"लागला! लागला!" राजा किंचाळला.

फिरकी गरगरली, काठी वाकली, रेशमी दोर कमळाचे देठ कापत गेला. सेनापती जाळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि घसरून गळ्याएवढ्या पाण्यात गेला. अखेर मासा काठाच्या गवतावर आला. राजाने गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी त्याला धरले.

"आला! माझ्या हातात आला! अरे, वाजवा कोणीतरी काहीतरी!"

सगळे माशाकडे बघत होते. बुवा पाण्याकडे बघत होते. तांबडा डाग आता एका जागी गोल गोल फिरत होता, जणू त्याला दिशा राहिली नव्हती. खालून शिंगटी मासे येऊ लागले. डागाचा एक कोपरा आत गेला आणि परत आला नाही. वरून एक खंड्या सूर मारून गेला, पुन्हा आला. सुपाएवढा डाग ताटाएवढा झाला.

"महाराज," बुवा म्हणाले, "त्याला सोडा."

हशा पिकला. राजाही हसला. "सोडा? बुवा, उन्हाळाभर मी याच्यासाठी—"

"हातात आला पाहिजे, असं आपण म्हणाला होतात. आला. शब्द पुरा झाला. आता सोडा. तो भुकेनं आला नव्हता. पिल्लांवर होता म्हणून आला. ती बघा."

राजाने मान वळवली. खंड्या चोच भरून उडाला.

"ती याची पिल्लं आहेत?" राजाने विचारले. त्याचा आवाज बदलला होता. "आणि हा त्यांना राखत होता? खाणार नव्हता? नक्की?"

बुवांच्या डोळ्यांपुढे दोन्ही पोथ्या उघड्या पडल्या. दोन्हीचे लेखक विद्वान, दोन्हीची अक्षरे सारखीच वळणदार. 'बहुधा' ओठांवर येऊन उभा राहिला. तो शब्द बाहेर पडला तर राजा मासा टोपलीत टाकणार, हे त्यांना कळत होते. आणि विचार करायला जागा नव्हती. बांध छोटा होता, येरझारा घालायलाही वेळ नव्हता. डाग आता ओंजळीएवढा दिसत होता. त्यांना एवढेच सुचले की आपण चुकलो तर राजाचा एक मासा जाईल, आणि गप्प राहून चुकलो तर ती सगळी पिल्ले जातील.

"नक्की," बुवा म्हणाले.

राजा त्यांच्याकडे बघतच राहिला. लहानपणापासून या माणसाच्या तोंडून त्याने तो शब्द कधी ऐकला नव्हता. त्याने खाली मासा पाहिला. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. हा धडपडत नव्हता, फक्त त्याचे डोके तळ्याच्या बाजूला होते.

राजाने स्वतःच्या हाताने गळ काढला आणि त्याला पाण्यात ठेवले.

काळी पाठ सरळ गेली. तांबड्या डागाखाली पाणी एकदाच जोरात ढवळले, शिंगटी मासे पांगले, खंड्या फांदीवर जाऊन बसला. जी पिल्ले उरली होती ती गोळा झाली आणि पानांखाली सरकली. राजा ओल्या गवतावर बसला. बसूनच राहिला. कोणी जागा बदलायचे विचारले नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "म्हणजे मी त्याला फसवलं नाही."

"नाही, महाराज. तो बेडूक लाकडाचा आहे हे त्याला कळलंही असेल. पण थांबून बघणं त्याला परवडणारं नव्हतं."

कुदळीवाले घरी गेले. परतताना वाटेत राजाने बुवांना जवळ बोलावून हळूच विचारले, "बुवा, तुम्ही नक्की म्हणालात. खरंच नक्की होतं?"

बुवांनी उपरण्याचा उरलेला दोरा ओढला. "बहुधा, महाराज."

राजा थांबला आणि इतका हसला की पेटीवाल्या गड्यांनी पेटी खाली ठेवली.

राजा पुढेही एका जागी फारसा बसला नाही. स्वभाव असा एका सकाळीत जात नाही. गळही त्याने सोडला नाही. पण त्या राज्यात एक रीत पडली. पाणी तांबडे दिसले की गळ टाकणारा काठी खांद्यावर घेतो आणि पुढे जातो. तळे कधी रिकामे झाले नाही, आणि बांध अजून उभा आहे.

खात्री करून घ्यायला वेळच नसतो, तेव्हा ज्या बाजूने जीव वाचेल त्या बाजूने बोलावे.

बुवांची बेचैनी मात्र गेली नाही. आपण नक्की म्हणालो, आणि ते खोटे असले तर? दर उन्हाळ्याच्या शेवटी ते बांधावर येऊन बसत. म्हशीवाली बाई त्यांना ताक देई आणि विचारी, "झालं का नक्की?" ते नकारार्थी मान हलवत. कितीतरी वर्षांनी, डोळे अधू व्हायच्या जरा आधी, त्यांना हवे होते ते दिसले. एक खरा, जिवंत बेडूक पोहत पोहत तांबड्या पाण्यावर आला. मरळ खालून उसळला, त्याने बेडूक जबड्यात धरला, पार पलीकडच्या गवताशी नेला, आणि थुंकून टाकला. बेडूक उडी मारून निघून गेला. मरळाने तो खाल्ला नव्हता. म्हणजे तो भुकेने नव्हे, पिल्ले राखायलाच उसळला होता; पहिली पोथी खरी होती.